म्याडमचे मिस्टर

निवृत्त पोलीस अधिकारी म्हटलं की लोक खुनाच्या आणि दरोड्याच्या गोष्टी विचारतात. मीही सांगतो. पण घरी एकटा बसलो की मला आठवतं ते एका शाळेचं छोटंसं कार्यालय, लोखंडी कपाट आणि कपाटाला मी स्वतः लावलेलं लाखेचं सील. त्या चार दिवसांतला प्रत्येक तास मला आजही क्रमानं सांगता येईल. नावं मात्र कुणाची सांगणार नाही. त्यातली माणसं अजून याच जिल्ह्यात राहतात आणि त्यांची मुलं मोठी होत आहेत.

सोलापूर-हैदराबाद महामार्गाला लागून असलेल्या एका मोठ्या गावी मी पोलीस निरीक्षक होतो. नोकरीची शेवटची काही वर्षं उरली होती. मी शिपाई म्हणून भरती झालो, खात्यांतर्गत परीक्षा देत वर आलो. पंचनामा, जबाब, स्टेशन डायरी हे सगळं मी हातानं लिहून शिकलो. त्या वर्षी ठाण्याला एक नवीन महिला उपनिरीक्षक आल्या. थेट स्पर्धा परीक्षेतून, शिक्षण इंजिनिअरिंगचं. ऑनलाइन नोंदणीचं जे काम आमच्याकडं सहा महिने तुंबलं होतं, ते त्यांनी तीन आठवड्यांत संपवलं. पुढच्या गुन्हे आढावा बैठकीत अधीक्षक साहेबांनी सगळ्या जिल्ह्यासमोर त्यांचं कौतुक केलं. त्याच्या पुढच्या बैठकीला मी एकटा गेलो, तर साहेबांनी माझ्याकडं पाहून पहिला प्रश्न विचारला, "म्याडम नाही आल्या?"

गाडीत बसल्यावर ड्रायव्हर काहीतरी बोलत होता. मला ऐकू आलं नाही. धाराशिवपासून ठाण्यापर्यंत माझ्या डोक्यात ते तीनच शब्द होते.

हे आधी सांगितलं, कारण पुढं जे घडलं त्यात याचा वाटा आहे.

डिसेंबर संपत आला होता. सोमवारी सकाळी हजेरी आटोपली आणि गावातल्या एका खासगी शाळेचे सचिव ठाण्यात आले. सोबत सात-आठ पालक. त्यांत एक ट्रकचालक होता, एक टायरवाला, बाकीचे शेतकरी. प्रत्येकाच्या एका हातात शाळेची पावती आणि दुसऱ्या हातात मोबाईल.

ट्रकचालकानं मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला. "साहेब, ही पावती बघा. दिवाळीच्या आधी सगळी फी रोख भरलीय. आन काल मेसेज आला, पूर्ण रक्कम बाकी हाय, आठ दिवसांत भरा. मंग म्या दिल्याले पैशे गेले कुठं?"

सगळ्यांची तक्रार तीच. पावती खरी, सहीशिक्क्याची. आणि शाळेच्या संगणकात मात्र त्या मुलाच्या नावावर सगळी फी बाकी. असे दोनशेच्या वर विद्यार्थी निघाले होते.

सचिवांनी लेखी अर्ज दिला. शाळेनं दीड वर्षापूर्वी फीच्या कामासाठी एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. त्याचा सगळा कारभार एका महिला लिपिकेकडं होता. त्यांना शाळेत सगळे 'म्याडम' म्हणत. रोख रक्कम त्याच घेत, पावती त्याच फाडत, संगणकात नोंद त्याच करत.

"रोखीनं भरलेल्यांचीच तेवढी बाकी दिसतीय," सचिव म्हणाले. "ज्यांनी ऑनलाइन भरले त्यांचं सगळं बरोबर हाय. आता तुम्हीच समजून घ्या, साहेब."

मी समजून घेतलं. अपहाराच्या प्रकरणांत असंच असतं. माणूस पावती देतो, पैसे खिशात घालतो आणि वहीत नोंद करत नाही. इथं वहीच्या जागी संगणक होता, एवढाच फरक, असं मला वाटलं.

दुपारी उपनिरीक्षक म्याडम आणि एक महिला शिपाई यांना घेऊन मी शाळेत गेलो. लिपिक बाई तिशीच्या होत्या. घाबरल्या होत्या, पण बोलणं स्पष्ट होतं.

"साहेब, रोजची रोकड रोज दुपारी बँकेत जाते. भरण्याच्या स्लिपा त्या कपाटात आहेत, तारखेवार लावलेल्या. तुम्ही आधी त्या बघा."

सचिव मध्येच म्हणाले, "संस्थेच्या खात्यात दोन शाळांचे आणि बसचे पैसे येतात. त्यावरून काय कळणार?"

उपनिरीक्षक म्याडमनी मला बाजूला घेतलं. हळू आवाजात म्हणाल्या, "सर, स्लिपा आणि पावत्या जुळवून बघू या. दोन तासांचं काम आहे. पैसे बँकेत गेले असतील तर प्रश्न फक्त सॉफ्टवेअरच्या हिशोबाचा राहतो."

सल्ला सरळ होता. कोणताही नवखा हवालदार हेच म्हणाला असता. पण तो त्यांनी दिला आणि माझ्या आधी दिला, म्हणून मला तो नको होता.

"म्याडम," मी म्हणालो, "पैसा खाणारा माणूस स्लिपा सगळ्यात नीट ठेवतो. तीस वर्षांत मी एवढं तरी शिकलोय."

मी दोन पंचांसमोर कपाट बंद करून सील केलं. ज्या कागदांनी अर्ध्या दिवसात खरं-खोटं झालं असतं, ते कागद मी पुरावा म्हणून आत कोंडले.

बाहेर पडताना शाळेचा शिपाई व्हरांड्यात आडवा आला. साठीच्या आसपासचा, डोक्याला टोपी. हात जोडून म्हणाला, "साहेब, एक सांगू का? पैसा कुठं गेला न्हाय. रोजच्या रोज म्याच भरतो बँकेत. माझ्याकडं भरण्याची वही हाय. बँकेचा शिक्का असतो तिच्यावर."

"तुम्हाला विचारलं का कुणी?" मी म्हणालो. "बोलावलं की यायचं."

म्हातारा बाजूला झाला. उपनिरीक्षक म्याडम त्याच्याकडं पाहत होत्या, ते मी पाहिलं.

संध्याकाळी ठाण्यात तुळजापूरच्या बंदोबस्ताचा आदेश आला होता. शाकंभरी नवरात्र होतं, प्रत्येक ठाण्यातून एक अधिकारी पाठवायचा होता. कुणाला पाठवायचं ते मी ठरवायचं. दुसऱ्या उपनिरीक्षकाची पाळी होती. मी म्याडमचं नाव लिहून सही केली. त्यांनी आदेश वाचला, "जी सर" म्हणाल्या, सॅल्यूट केला आणि गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसला असता तर मला बरं वाटलं असतं. तो दिसला नाही.

मंगळवारी मी चौकशी स्वतः हाती घेतली. महिलेला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, म्हणून शाळेतच मुख्याध्यापकांच्या खोलीत बसलो. सोबत महिला शिपाई. बाईंचे पती त्याच शाळेत गणित शिकवत. ते दाराबाहेर बाकावर बसून होते. सडपातळ माणूस, शर्ट नीट खोचलेला. मी येता-जाता ते उठून उभे राहत. मला त्यांची कीव आली. बायकोपायी बिचाऱ्यावर ही वेळ आली, असं मनात म्हणालो.

बाईंनी सकाळी पुन्हा तेच सांगितलं. स्लिपा बघा, वही बघा, शिपाईमामांना विचारा. मी म्हणालो, बघू. मग मी सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसाला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला.

त्या माणसानं पाच मिनिटांत सगळं समजावलं. विद्यार्थ्याची बाकी कशी काढायची हे शाळा स्वतः ठरवू शकते. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये एक पान असतं. त्यावर वेगवेगळ्या पर्यायांपुढं चौकोन असतात, हवा त्याच्यापुढं बरोबरची खूण करायची. त्यातला एक पर्याय असा होता की, रोख पावती फाडल्याबरोबर ती रक्कम बाकीतून वजा करायची, की बँकेत पडताळणी झाल्याची नोंद केल्यानंतरच वजा करायची. या शाळेनं पहिल्यापासून 'पावतीबरोबर वजा' असं ठेवलं होतं. पडताळणीची नोंद इथं कुणी कधी केलीच नव्हती, गरजच नव्हती.

"आता ती खूण बदललेली आहे सर," तो म्हणाला. "म्हणून रोखीच्या सगळ्या पावत्या हिशोबातून बाहेर गेल्या आणि पूर्ण फी बाकी दिसली. महिनाअखेरीचे मेसेज आपोआप जातात, ते गेले."

"कुणी बदलली?"

"म्याडमच्या लॉगिनमधून. परवा रविवारी, दुपारी तीनच्या सुमाराला. शाळेनं दिलेल्या लॅपटॉपवरून."

मी बाईंकडं पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम पडला. भीतीनं पडतो तसा नव्हे. घरून कुणी गेल्याचा निरोप आल्यावर माणसं जशी गप्प होतात, तशा त्या झाल्या.

"लॅपटॉप कुठं असतो?"

"घरी."

"पासवर्ड कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही." मग त्या म्हणाल्या, "माझ्याकडूनच झालं असेल, साहेब. चुकून."

मला तो कबुलीजबाबच वाटला. पैसे दडपण्यासाठी हिशोब बिघडवला, असा सगळा आराखडा माझ्या डोक्यात तयार झाला. एक गोष्ट मात्र मी नजरेआड केली. सकाळपर्यंत जी बाई स्लिपा बघा म्हणून दर दोन वाक्यांनी सांगत होती, तिनं त्या फोननंतर स्लिपांचं नाव काढलं नाही. निर्दोष माणूस अचानक स्वतःचा बचाव करायचं सोडून देतो, तेव्हा तो दुसऱ्या कुणाला तरी वाचवत असतो. हे मी नव्या मुलांना प्रशिक्षणात सांगत आलो होतो.

गावात तोपर्यंत बातमी फिरली होती. बुधवारी सकाळी शाळेच्या फाटकावर कुणीतरी कागद चिकटवला, 'आमची फी परत द्या'. लिपिक बाईंची मुलगी त्याच शाळेत तिसरीत होती. वर्गातल्या पोरींनी तिला डबा खायला जवळ घेतलं नाही, तशी ती रडत घरी गेली ती पुन्हा आलीच नाही. संस्थेनं बाईंना कामावरून थांबवलं, लॉगिन बंद केलं, लॅपटॉप जमा केला. मी ठाण्यात बसून गुन्हा दाखल करण्याच्या फिर्यादीचा मसुदा तयार करवत होतो. सचिवांना दुपारी सहीला बोलावलं होतं.

तेवढ्यात बंदोबस्त संपवून उपनिरीक्षक म्याडम थेट माझ्या केबिनमध्ये आल्या. बूट धुळीनं भरलेले. मागं तो म्हातारा शिपाई आणि त्याच्या हातात कापडात गुंडाळलेली वही.

"सर, येता येता यांना घरून घेऊन आले. वही बँकेत दाखवून शाखाधिकाऱ्यांची सही घेतली आहे," त्या म्हणाल्या. "यात रोजच्या पावत्यांची बेरीजही लिहिलेली आहे. ती आणि रोजचा भरणा तंतोतंत जुळतो. एक रुपयाही कमी नाही."

मी वही उघडली. वाकडंतिकडं पण स्वच्छ अक्षर, प्रत्येक पानावर बँकेचा शिक्का.

एक निर्दोष बाई तुरुंगात जाता जाता वाचली होती. मला हायसं वाटायला हवं होतं. पण माझ्या तोंडून काय निघालं तर, "तुम्हाला हे कुणी करायला सांगितलं होतं?"

म्याडम म्हणाल्या, "कुणी नाही, सर."

मग म्हातारा घसा खाकरून म्हणाला, "साहेब, आजून एक हाय. त्या रविवारी साळंत लग्नाच्या पावण्यांना उतरवायचं होतं. हॉलची चावी कुठं हाय म्हणून म्या दुपारी म्याडमला फोन केला. तर त्या म्हन्ल्या, मामा, मी माहेरी तेरला हाय, भावाच्या लेकराचं बारसं हाय, गुरुजी तेवढे घरी हायती. पाळण्याची गाणी ऐकू येत व्हती की मला फोनात."

"आणि लॅपटॉप?"

"त्यो बारशाला कोन नेतंय, साहेब?"

पैसे गेलेच नव्हते. खूण बदलली तेव्हा बाई तेरला होत्या. घरी लॅपटॉप होता आणि घरी त्या दिवशी कोण असणार, हे आम्हा तिघांनाही कळलं. पण पटण्यासारखं नव्हतं. नवरा-बायकोत भांडण असल्याचं कुणी बोललं नव्हतं. दोघं एकाच मोटरसायकलवर शाळेत येत. मग त्यानं असं का करावं? फिर्यादीचा मसुदा मी फाईलमध्ये ठेवला आणि सचिवांना उद्या या म्हणून कळवलं.

संध्याकाळी घरी जेवायला बसलो. बायकोनं भाकरी वाढली. मी न राहवून बोलायला लागलो. नवीन म्याडम कशा पुढं पुढं करतात, मला न विचारता बँकेत जातात, सगळं श्रेय त्यांनाच हवं असतं. शेवटी म्हणालो, "अगं, मीच तिला पंचनामा लिहायला शिकवलं. काही येत नव्हतं तिला. मीच शिकवलं."

बायको तव्यावरची भाकरी उलटत होती. म्हणाली, "मग तुमचं चांगलंच झालं की. शिकवलेलं वाया गेलं न्हाय."

मी अर्ध्या जेवणावरून उठलो. तिनं भाकरी झाकून ठेवली.

गुरुवारी सकाळी मी एकटाच त्यांच्या घरी गेलो. म्याडमना म्हणालो, बाई शाळेत येतील, त्यांच्याजवळ थांबा. कपाट त्यांच्यासमोर उघडा. गुरुजी घरी होते. दोन खोल्यांचं भाड्याचं घर. भिंतीवर एक फोटो होता. स्नेहसंमेलनात बाईंना शाल आणि नारळ देतायत, असा. फोटोची काच स्वच्छ पुसलेली होती. ते खुर्ची देऊन स्वतः उभे राहिले.

मी लॅपटॉपचा विषय काढलाच नाही. चौकशीत पहिला प्रश्न गुन्ह्याचा विचारायचा नसतो. मी म्हणालो, "गुरुजी, बाईंना हे कॉम्प्युटरचं काम छान येतं म्हणतात. कुठं शिकल्या?"

"मीच शिकवलं," ते म्हणाले. "लग्न झालं तेव्हा तिला काहीच येत नव्हतं. माउस कसा धरायचा तेही मीच शिकवलं."

"बी.कॉम. आहेत ना त्या?"

"बाहेरून केलं. फॉर्म मीच भरला. अभ्यासही मीच घेतला. शाळेत सुद्धा मीच सांगून लावलं तिला. सहा वर्षं झाली मला तिथं, तिला तीनच."

"आणि सॉफ्टवेअर?"

"कंपनीचा माणूस आला तेव्हा सचिव म्हणाले, एकजण शिकून घ्या. मला वाटलं मलाच सांगतील. गणिताचा मास्तर मी. त्यांनी तिला सांगितलं. तिला घरी येऊन अडायचं, तेव्हा मीच शिकवलं."

पाच मिनिटांत तीन वेळा. 'मीच शिकवलं.' कालच्या जेवणाच्या ताटावरचे माझे शब्द हा माणूस माझ्यासमोर बोलत होता, त्याच सुरात. मला त्या क्षणी कळलं की हे यानंच केलंय. पुरावा नंतर आला असता किंवा आलाही नसता. मला मात्र कळलं, कारण त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं हे मला माहीत होतं. मी तर केलंही होतं. बंदोबस्ताच्या आदेशावर सही करून.

मी म्हणालो, "गुरुजी, बसा. फार जळतं का हो?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. हा प्रश्न पोलिसाकडून त्यांना अपेक्षित नव्हता. ते खाली सतरंजीवर बसले.

"साहेब, माझ्या फोनवर पालकांचे फोन येतात," ते म्हणाले. "मला वाटतं पोराच्या गणिताबद्दल विचारतील. तर ते म्हणतात, म्याडमला द्या जरा. गावात कुणी ओळख करून देताना म्हणतं, हे म्याडमचे मिस्टर. सहा वर्षं मी तिथं शिकवतोय. मला नाव नाही राहिलं. तेरला सासरवाडीत गेलो तर मेहुणा पाहुण्यांना सांगतो, आमची ताई शाळेचा सगळा कारभार बघते, हे पण तिथंच असतात. 'हे पण'. म्हणून त्या रविवारी बारशाला गेलो नाही. ती पोरीला घेऊन गेली. मी घरात बसलो होतो. लॅपटॉप समोर होता. पासवर्ड मीच ठरवून दिलेला."

"काय व्हावं असं वाटलं होतं?"

"थोडे दिवस मेसेज चुकीचे जातील. पालक ओरडतील. सचिव म्हणतील, बाई, तुम्हाला झेपत नाही, गुरुजींना विचारा. मग मी जाऊन दुरुस्त करीन. एवढंच, साहेब. देवाशप्पथ एवढंच. चोरीचा आळ येईल हे डोक्यात सुद्धा आलं नाही. कळलं तोवर पोलीस आले होते, परत फिरवायची हिंमत झाली नाही. मग लॉगिनच बंद झालं."

"तोंडानं सांगता येत होतं की."

त्यांनी मान खाली घातली. मग जे बोलले ते मी जबाबात लिहून घेतलं नाही.

"सोमवारी ती घरी आली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. म्हणाली, मला काही सुचत नाही, तुम्हीच बघा काय ते. लई दिवसांनी ती मला तसं म्हणाली. साहेब, मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवलं होतं. पण ती मंगळवारी आली ती माझ्याशी बोललीच नाही. मला वाटलं धसक्यानं."

मला मंगळवार आठवला. फोनवरचा कंपनीचा माणूस, रविवार, दुपारी तीन. बाईंचा पडलेला चेहरा. आणि दाराबाहेर बाकावर बसलेला हा माणूस.

आम्ही दोघं शाळेत गेलो. कार्यालयात बाई, सचिव आणि उपनिरीक्षक म्याडम होत्या. कपाट उघडलं होतं, स्लिपा टेबलावर मांडल्या होत्या. सचिवांचा आवाज खाली आला होता. मी सचिवांना बाहेर नेऊन पैसे जुळल्याचं सांगितलं. गुरुजींनी दारातच बायकोसमोर उभं राहून सांगितलं, की ते मी केलं.

बाईंनी हातातली स्लिप खाली ठेवली.

"मला मंगळवारी फोन चालू असतानाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "मी वाट बघत होते. मंगळवारची रात्र, बुधवार, बुधवारची रात्र. पोरगी उपाशी झोपली, तेव्हा वाटलं आता सांगतील. तुम्ही साहेबांना सांगितलं. मला नाही सांगितलं."

गुरुजी दारातच उभे राहिले. माझ्या सगळ्या नोकरीत मी कुणाला इतकं उघडं पडलेलं पाहिलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. अपहार झालाच नव्हता, त्यामुळं तो गुन्हा उभा राहत नव्हता. दुसऱ्याच्या लॉगिनमधून हिशोबात ढवळाढवळ केल्याची कारवाई करता आली असती. पण बाईंनी लेखी दिलं की पासवर्ड आम्हा दोघांचा होता आणि माझी काही तक्रार नाही. सचिवांनाही शाळेचं नाव पेपरात नको होतं. अर्ज निकाली निघाला. कंपनीनं लॉगिन चालू करून दिलं. बाईंनी आमच्यासमोर ते पान उघडलं, खूण पूर्वीच्या जागी केली आणि दोनशेच्या वर पालकांना दुरुस्तीचा मेसेज पाठवला. खाली स्वतःचं नाव घातलं. त्या तिथंच कामाला राहिल्या. शिपाईमामांनी फाटकावरचा कागद पाण्यानं भिजवून खरवडून काढला.

गुरुजींनी राजीनामा दिला. उमरग्याला एका शिकवणीत लागले आणि तिथंच खोली करून राहिले. महिन्यातून एकदा मुलीला भेटायला येत. वर्षभरानं बाईंनी त्यांना घरात घेतलं, असं मला शिपाईमामांकडून कळलं. "बोलत्यात एकमेकांशी," ते म्हणाले, "पण पैल्यासारखं न्हाय." तेवढंच मला माहीत आहे.

राहिला माझा हिशोब. अधीक्षक कार्यालयाला मी अहवाल पाठवला. नेहमीच्या साच्यात लिहिला, 'पोलीस निरीक्षक यांच्या मार्गदर्शनाखाली तपास करून सत्य निष्पन्न केले'. म्याडमचं नाव होतं, पण तिसऱ्या ओळीत, पथकातल्या इतरांसोबत. पहिल्याच दिवशी त्यांनी काय सुचवलं होतं, मी ते का नाकारलं, त्यांना तुळजापूरला का पाठवलं, यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. अधीक्षक साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी ती थोपटून घेतली.

चोराला पैसा हवा असतो, त्यामुळं पैशामागं गेलं की तो सापडतो. मत्सरानं पेटलेल्या माणसाला काही घ्यायचं नसतं. दुसऱ्याच्या हातून ते सुटावं, एवढंच त्याला हवं असतं. त्यामुळं तो कागदावर कुठं दिसत नाही, आणि बहुतेक वेळा तो घरचाच असतो किंवा कार्यालयातला शेजारच्या खुर्चीवरचा. त्या गुरुवारनंतर प्रत्येक अर्जात मी आधी विचारत असे, की आजवर कौतुक कुणाचं होत होतं आणि ते ऐकायला शेजारी कोण बसलं होतं. बऱ्याच प्रकरणांत त्याचा उपयोग झाला.

पण मला त्या प्रकरणानं शिकवलेली मुख्य गोष्ट तपासाची नाही. त्या गणिताच्या मास्तरानं एका बाईला चार दिवस चोर ठरवलं. त्यातले तीन दिवस माझे होते. त्यानं निदान दारात उभं राहून बायकोच्या तोंडावर कबूल केलं. मी माझ्या वरिष्ठांना सांगितलं नाही, म्याडमना सांगितलं नाही, घरी बायकोलाही सांगितलं नाही. आता वर्दी नाही, पदक नाही, पाठ थोपटायला कुणी राहिलं नाही. म्हणून लिहून ठेवतोय. बाई निर्दोष आहे हे माझ्या उपनिरीक्षकांना पहिल्या दुपारी दिसलं होतं, आणि ते त्यांना माझ्या आधी दिसलं म्हणून मी पाहायला नकार दिला.